रेस सोडा, मंगळवार सोडू नका

धावणाऱ्या माणसाच्या घरात काही वाईट घडलं की ओळखीचे लोक हमखास म्हणतात, "तू धावायला जात राहा, तेवढंच मन रमेल." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्यावर ती वेळ आलेली असते त्याला कळून चुकलेलं असतं की सगळ्यात आधी आटली ती धावायची इच्छाच. भूक लागते, तुकड्यातुकड्यांनी का होईना झोप लागते, मधूनच एखाद्या गोष्टीवर हसूसुद्धा येतं. शूज मात्र दाराशी पडून राहतात. त्यांच्याकडे नजर गेली तरी अपराधी वाटतं, म्हणून मग ते कपाटात जातात.

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझ्या पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी ऐन भरात होती. रविवारचा लाँग रन अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत आला होता. टेम्पो रनला, म्हणजे बराच वेळ एकाच जोरकस वेगानं धावताना, श्वास आणि पाय एका लयीत पडायला लागले होते. आईची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. पुढचे महिने हॉस्पिटल, नोकरी आणि रात्रीची जागरणं यांत गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. म्हणजे रात्री गजर दर दोन तासांनी वाजतो. मी आणि दादा एकाआड एक रात्र वाटून घ्यायचो, पण दुसऱ्याची पाळी असली तरी गजर दोघांनाही ऐकू यायचाच.

त्या काळात सराव कसा टिकला आणि तो टिकावा म्हणून त्यातलं काय काय सोडून दिलं, ते मला सांगायचं आहे. ज्यांच्या घरात आत्ता असं काही चालू आहे आणि ज्यांच्या कपाटात असे शूज आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एका लाडक्या कल्पनेबद्दल बोलायला हवं. दुःखाचं इंधन करा, राग रस्त्यावर काढा, वेदनेला वेगात बदला, असं सतत ऐकू येतं. पोस्टरवर ते छान दिसतं. प्रत्यक्षात रागानं धावायला निघालं की पहिले दोन किलोमीटर पाय उडतात, मग घसा दाटतो, आणि चौथ्या किलोमीटरला फुटपाथच्या कडेला बसावं लागतं. रडू दाबून धरताना पोटातून खोल श्वास घेताच येत नाही. छाती वरच्या वर हलत राहते, हवा पुरत नाही, आणि ज्या वेगाला एरवी गप्पा मारता येतात त्या वेगाला धाप लागते. हे मी अनुभवलंय. तेव्हापासून दुःख इंधन असतं यावर माझा विश्वास नाही. दुःख हे ओझं असतं. ते घेऊन धावता येतं, पण त्याचं वजन धरूनच प्लॅन करावा लागतो.

हे वजन मोजलंही गेलेलं आहे. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्समध्ये एक प्रयोग केला. काही जणांना त्यांनी दीड तास डोकं शिणवणारं, सतत लक्ष लागणारं संगणकावरचं काम दिलं आणि मग थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला सांगितलं. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांनी दीड तास निवांत माहितीपट पाहून तीच सायकल चालवली. डोकं शिणलेल्या दिवशी ती माणसं सुमारे १५ टक्के लवकर थांबली. गंमत पुढेच आहे. हृदयाचे ठोके, प्राणवायूचा वापर, जोराच्या श्रमात रक्तात वाढणारं लॅक्टेट यांत त्यांना थांबवेल असा काही फरक सापडला नाही. फरक होता तो श्रम किती वाटतात यात. शिणलेल्या दिवशी पहिल्या मिनिटापासून तेच काम जास्त जड वाटत होतं.

हा अभ्यास वाचला तेव्हा मला फार हलकं वाटलं. डॉक्टरांच्या रिपोर्टची वाट पाहण्यात दुपार गेलेली असताना संध्याकाळी पाय उचलत नाहीत, याला आपण आळस म्हणतो, मनाचा कमकुवतपणा म्हणतो. त्या प्रयोगात तर नुसतं कंटाळवाणं काम होतं, कुणाचा जीव टांगणीला लागलेला नव्हता. तरी एवढा फरक पडला.

शिणलेलं मन ही एक बाजू. दुसरी बाजू शरीराची. व्यायामातून शरीराची झीज होते आणि भरून निघताना ते थोडं अधिक बळकट होतं. सगळी तयारी या भरून निघण्यावर उभी असते. पण शरीराकडे घरच्या ताणासाठी वेगळं आणि इंटरव्हलसाठी, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि संथ धावण्यासाठी, वेगळं असं खातं नसतं. एकाच खात्यातून सगळा खर्च होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॉलेजच्या मुलामुलींना पायांचा जबर व्यायाम दिला आणि पुढचे चार दिवस त्यांची ताकद कशी परत येते ते पाहिलं. आयुष्यात ताण जास्त असलेल्यांची ताकद सावकाश परत आली. व्यायाम सगळ्यांना एकाच तऱ्हेचा होता. याचा अर्थ असा की वाईट काळात जुनाच प्लॅन जिद्दीनं रेटणारा माणूस प्रत्यक्षात जुन्यापेक्षा बराच मोठा प्लॅन करत असतो, आणि तेही अर्धवट झोपेवर.

मग काय करायचं? मी रेसमधून नाव काढून घ्यायचं ठरवलं आणि कोच सरांना फोन केला. धावणंच थांबवतेय, पुढच्या वर्षी बघू, असं सांगायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आईची चौकशी केली, रात्री कोण असतं ते विचारलं. मग म्हणाले, "रेस सोडा. लाँग रन सोडा. मंगळवार सोडू नका."

मंगळवार म्हणजे आमच्या ग्रुपचा इंटरव्हलचा दिवस. आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा. मला वाटलं, सरांना माझी परिस्थिती नीट कळलेली नाही. वाचवायचंच असेल तर एखादा हलका, रमतगमत धावायचा दिवस वाचवायला हवा ना? त्यांनी उलट विचारलं, "मंगळवारला वॉर्मअपसकट किती वेळ लागतो?" मी म्हटलं, पाऊण तास. "तो पस्तीस मिनिटांत बसवू," ते म्हणाले. दहा मिनिटं सावकाश, मग तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं संथ असं चार वेळा, शेवटी पाच मिनिटं चालणं. बाकीचे दिवस जमलं तर वीस मिनिटं इझी, नाही जमलं तर काहीच नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

यामागचं कारण मी नंतर शोधलं. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकागोत रॉबर्ट हिक्सन यांनी एकामागून एक तीन प्रयोग केले. माणसांकडून दहा आठवडे कसून सराव करून घेतला, रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. नंतर पंधरा आठवडे तो कमी करून पाहिला. पहिल्या प्रयोगात दिवस कमी केले : सहाचे चार, काहींचे तर दोनच. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजे धावणारे ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, जवळजवळ तशीच राहिली. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ कमी केला : चाळीस मिनिटांची सव्वीस, काहींची तेरा. तरीही ती टिकली. तिसऱ्यात दिवस आणि वेळ तसेच ठेवले, पण जोर कमी केला. या वेळी ती घसरली.

गट लहान होते, म्हणून याला सगळ्यांसाठीचा कायदा समजू नये. शिवाय तेरा मिनिटांवर आलेल्यांचा दीर्घकाळ तग धरण्याचा दम थोडा कमी झालाच होता. लाँग रन फुकट जातो असं कुणी समजू नये. पण ज्याच्याकडे आठवड्यात एकूण दीड तास उरलाय त्याला याहून उपयोगाची माहिती मला तरी माहीत नाही. वेळ कापा, दिवस कापा, जोर मात्र एका ठिकाणी राखून ठेवा.

याच्या जोडीला आणखी एक अभ्यास. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या खेळाडूंना तो पूर्ण थांबवायला लावला. पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स सात टक्क्यांनी उतरली, आठव्या आठवड्यापर्यंत सोळा टक्क्यांनी, आणि मग तिथेच थांबली. सुरुवातीची घसरण बरीचशी रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी झाल्यानं होते. ते काही दिवसांतच कमी होतं आणि सराव सुरू झाला की तितक्याच लवकर परतही येतं. आठवड्याभराच्या खंडानंतर पहिल्या दिवशी ठोके भलतेच वर जातात ते यामुळे. स्नायूंत विणलेलं केशवाहिन्यांचं, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं मात्र त्या खेळाडूंमध्ये बारा आठवडे काहीही न करता कायम होतं. वर्षानुवर्षं केलेलं असं पंधरा दिवसांत वाहून जात नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून "सगळं गेलं" असं वाटत असतं तेव्हा हे कुणीतरी सांगायला हवं असतं.

पस्तीस मिनिटांचा मंगळवारही आपोआप घडत नव्हता. इच्छा नव्हतीच. इच्छेची वाट पाहायची नाही, हे या काळानं मला पटवून दिलं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती : "मी व्यायाम करीन" असा नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी ठरवणारे ते काम जास्त वेळा पार पाडतात. माझं वाक्य असं होतं : सकाळी मदतनीस मावशी आल्या, त्यांनी आईचं स्पंजिंग सुरू केलं, की मी शूज घालते. त्या वेळी काय वाटतंय हा प्रश्नच त्यात नव्हता. शूज आदल्या रात्री आईच्या खोलीबाहेर ठेवायचे, लेस सैल करून, आत मोजे. मावशी उशिरा आल्या किंवा आल्याच नाहीत तर? त्याचंही वाक्य तयार होतं : तर आज जिना. तीन मजले चढायचे, चालत उतरायचं, दहा मिनिटं. मोबाइल खिशात, आवाज मोठा.

ज्या रात्री झोप अगदीच झाली नाही त्या दिवशी जोर लावायचा नाही, एवढा एक नियम सरांनी घालून दिला होता. ताप असेल तर धावणं पूर्ण बंद, कारण विषाणूच्या तापात रेटून व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायची, आणि ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर असेल तर मंगळवार गुरुवारवर ढकलायचा.

घड्याळाकडे बघायचंही त्यांनी बंद केलं. "जोरात" म्हणजे किती हे पेसवरून, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात यावरून, ठरवायचं नाही, श्रमावरून ठरवायचं. यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची पट्टी आहे, सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे स्वस्थ बसलेलं, वीस म्हणजे जीव तोडून. आकडे असे विचित्र असण्याचं कारण म्हणजे निरोगी तरुण माणसात आकड्याला दहानं गुणलं की साधारण हृदयाचे ठोके मिळावेत असा त्यांचा अंदाज होता. माझी तीन मिनिटं सोळा-सतराला धावायची. झटक्याच्या आधी त्या श्रमात जो वेग निघायचा त्याहून खूप कमी वेग आता निघत होता. पण शरीरापुरतं पाहिलं तर काम झालेलं होतं. ज्या दिवशी ओझं जास्त त्या दिवशी वेग कमी, हिशेब बरोबर. ग्रुपमधल्या लोकांचे आकडे ॲपवर बघणंही मी त्या काळात बंद केलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं माझं ठाम मत आहे.

आता अपराधीपणाबद्दल. हा भाग मला सगळ्यात अवघड गेला.

एका नातेवाईक बाईंनी आईच्या उशाशी बसून मला विचारलं होतं, "आई अशी पडलेली असताना तुला पळायचं सुचतं तरी कसं?" मला उत्तर सुचलं नाही. दादा म्हणाला, "मी असतो ना त्या वेळी." तेवढंच म्हणाला आणि आईचं औषध काढायला लागला. त्याच्या त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. आपण धावायला जातो तो वेळ कुणाच्या तरी वाट्याचा असतो, हे खरंच आहे. आधीही तसंच होतं, फक्त तेव्हा दिसत नव्हतं. आता ते मागून घ्यावं लागतं, आणि मागून घेतलेलं बरं. दादाशी मी सरळ बोलले : मंगळवारी पस्तीस मिनिटं मला हवीत, त्या बदल्यात गुरुवारी संध्याकाळ तुझी. त्याला चित्रं काढायला आवडतात. त्याचीही वही कपाटातच गेलेली होती. हे मी विचारलं नसतं तर मला कळलंही नसतं.

आईपासून लपवून जायचं नाही, हेही मी पहिल्यापासून ठरवलं होतं. तिला समजत सगळं होतं, शब्द येत नव्हते. मी परत आले की ती डाव्या हाताची बोटं वर करायची आणि भुवया उंचवायची. किती? सुरुवातीला मला वाटायचं, आकडा फुगवून सांगावा, तिला बरं वाटेल. कारण झटक्याच्या आधी तिला वीस, पंचवीस असे आकडे ऐकायची सवय होती. पण मी खरा तोच सांगितला. चार असतील तर चार, जिना असेल तर जिना. ती बोटं मिटून मान हलवायची. एकदा मी दोनच म्हटलं, तर तिनं हात हलवून मला जवळ बोलावलं आणि डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मग उशीच्या दिशेनं बोट दाखवलं : झोप जा.

तिची फिजिओथेरपी आणि माझा सराव यांची सांगड घालायचा मोह अनेकांना झाला. तीही तिची मॅरेथॉनच धावतेय, वगैरे. मला ते कधीच आवडलं नाही. मी जे करत होते ते मी निवडलेलं होतं आणि कधीही सोडू शकत होते. तिच्यासमोर निवड नव्हती. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर उजवा पाय टेकवताना तिचा चेहरा जसा होत असे, तसा चेहरा मी कुठल्याही फिनिश लाइनवर पाहिलेला नाही. तिचे कष्ट हे तिचे आहेत. माझ्या प्रेरणेसाठी ते वापरू नयेत असं मला आतून वाटतं.

आणि म्हणूनच रेस कुणाला अर्पण करण्याबद्दलही मी साशंक आहे. आजारी माणसाचं नाव टी-शर्टवर छापून धावणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या भावनेबद्दल मनात आदरच आहे. पण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, संपत आलेलं असताना, जेव्हा थांबावं लागतं, तेव्हा त्या नावाचं काय करायचं? पायात गोळा आला म्हणून थांबलेल्या माणसाला आपल्यामुळे आई हरली असं वाटू लागलं तर ते फार क्रूर आहे. रेस आपली असू द्यावी.

संकटातून उभ्या राहिलेल्या धावपटूंच्या गोष्टींत फौजा सिंग यांचं नाव नेहमी येतं. १९९२ मध्ये पत्नी गेली, १९९४ मध्ये मुलगा अपघातात गेला, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये राहत असताना त्यांनी धावणं गंभीरपणे घेतलं. २००० साली लंडन मॅरेथॉन धावले तेव्हा पासपोर्टप्रमाणे त्यांचं वय ८९ होतं. २०११ साली टोरंटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तासांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण केली, वयाच्या शंभराव्या वर्षी. जन्माचा दाखला नसल्यानं गिनीजनं तो विक्रम नोंदवला नाही, हा भाग वेगळा. ही गोष्ट सांगताना लोक दुःखाकडून थेट फिनिश लाइनवर उडी मारतात. मधली वर्षं कुणी सांगत नाही. मुलगा गेला १९९४ मध्ये आणि पहिली मॅरेथॉन झाली २००० मध्ये. मध्ये सहा वर्षं आहेत. शिवाय त्यांच्याबरोबर हरमंदर सिंग नावाचे कोच होते, सोबत धावणारा एक ग्रुप होता. मला त्यांच्या गोष्टीतून धीर येतो तो या सहा वर्षांमुळे आणि त्या सोबतीमुळे.

दुसरं नाव रॉन हिल यांचं. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारे हे ब्रिटिश धावपटू डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत एकही दिवस न चुकता धावले. बावन्न वर्षं. एकही खाडा नाही, हे ऐकून माणूस दबून जातो, आणि आपला एक मंगळवार चुकला की सगळंच संपलं असं त्याला वाटतं. पण त्यांची अट काय होती ते पाहावं. दिवसाला किमान एक मैल, बस. पायाच्या अंगठ्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी कुबड्या घेऊन मैल पुरा केला. तेवढं करायची गरज होती का, यावर वाद घालता येईल, आणि मी तरी कुणाला तसं करायला सांगणार नाही. पण खालची मर्यादा इतकी लहान ठेवली नसती तर बावन्न वर्षं झालीच नसती. आणि ज्या दिवशी धावता धावता छातीत दुखलं, त्या दिवशी त्यांनी स्वतःच ते थांबवलं. घरच्यांची काळजी नको म्हणून. मला तो शेवट त्या सगळ्या वर्षांइतकाच मोठा वाटतो.

माझी रेस झाली त्या रविवारी मी घरी होते. नाव काढलेलं होतं. ग्रुपमधले लोक धावत होते, मी फोन बंद करून ठेवला नाही. उलट प्रत्येकाचा बिब नंबर टाकून त्यांचे टप्पे बघत बसले आणि आईलाही दाखवले. मला त्या दिवशी वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते वाटू दिलं. सोडलेल्या रेसचंही दुःख असतं. मोठ्या दुःखापुढे ते लहान असतं म्हणून ते नसतंच असं होत नाही. आई आजारी असताना रेसचं काय घेऊन बसलीस, असं मी स्वतःलाच बजावत राहिले असते तर ते कुठेतरी साचून राहिलं असतं.

तरीही मला रेस परत हवी आहे, आणि त्याचं एक कारण मला त्याच काळात सापडलं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची रेस आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकानं ती १९२१ मध्ये सुरू केली. म्हणजे तिचा जन्मच शोकातून झालेला. पण तिचा कटऑफ कडक आहे, बारा तास. वेळ संपताना फिनिश लाइनवर एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बार काढतो. पाठ यासाठी की शेवटच्या दोन पावलांवर असलेल्या माणसाचा चेहरा बघून हात कचरू नये. अनेकांना हे निष्ठुर वाटतं. मला त्या महिन्यांत ते फार आश्वासक वाटलं. आजूबाजूचे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, मला सांभाळून घेत होते, ऑफिसात माझ्या चुकांकडे काणाडोळा करत होते. मी त्यांची ऋणी आहे. पण सतत सांभाळलं जाण्यानंही माणूस थकतो. तीन मिनिटांचा गजर वाजेपर्यंत पळायचं आणि तो वाजला की थांबायचं, एवढ्या वेळात मी कुणाची मुलगी, कुणाची बहीण, कुणाच्या दयेचा विषय नव्हते. घड्याळाला माझ्या घरचं काही ठाऊक नव्हतं. माझ्या मते धावणं टिकलं ते यामुळे. मन रमलं म्हणून नव्हे, बरं वाटलं म्हणूनही नव्हे. आठवड्यातली ती काही मिनिटं काय करायचं हे अगदी स्पष्ट असायचं, आणि बाकी कशातच तेवढी स्पष्टता नव्हती.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. धावण्याला औषध समजून औषध टाळू नका. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच चव उरली नसेल, सकाळी उठणंच नकोसं होत असेल, आपण नसतो तर बरं असे विचार येत असतील, तर तो सरावाचा प्रश्न नाही. कोचला फोन करण्याआधी डॉक्टरला करा. मीही समुपदेशकाकडे जात होते, आणि काही आठवडे त्या भेटीसाठी मंगळवारसुद्धा सोडला.

आता आई घरातल्या घरात काठी घेऊन चालते. शब्द परत येतायत, चुकीच्या जागी येतात, पण येतात. रात्रीचा गजर बंद झालाय. मी पुन्हा अंतर वाढवायला घेतलंय, आणि इथे सगळ्यात जास्त संयम लागतोय, कारण दम लवकर परत आला, पण पोटऱ्या आणि टाचेच्या स्नायूबंधांना त्याची खबर नाही. श्वास म्हणतो दहा, टाच म्हणते सहा. टाचेचं ऐकायचं असं सरांनी बजावलंय. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत तयार होतं, स्नायूबंध आणि हाडं महिने घेतात. खंडानंतर परतणारे लोक जायबंदी होतात ते अनेकदा याच फटीत.

लाँग रन मी घराभोवतीच्या छोट्या फेऱ्यांत करते. कुठल्याही क्षणी दहा मिनिटांत घरी पोचता यावं एवढंच अंतर राखून. त्याच त्या वळणांचा कंटाळा येतो, पण मागे काही झालं तर, ही भीती डोक्यात घेऊन वीस किलोमीटर लांब जाण्यापेक्षा तो कंटाळा परवडला. अर्ध मॅरेथॉनसाठी नाव दिलंय. पूर्ण मॅरेथॉनचं अजून ठरलेलं नाही. तिच्या तयारीला रविवारची अख्खी सकाळ लागेल, आणि मग दुपारी मी कुणाच्या फारशी उपयोगी नसेन. ती सकाळ कुठून आणायची ते दादाशी आणि आईशी बसून बोलायचं आहे. दादाच्या गुरुवारला हात लावायचा नाही, एवढं नक्की आहे. मंगळवार चालू आहे. या आठवड्यापासून तीन मिनिटांचे चारऐवजी पाच केलेत.